अमेरिकेत एथनिक आणि जागतिक साहित्य शिकायचंय? पायरीपायरीने सांगतो

आपल्याकडे एमए इंग्लिशला 'अमेरिकन लिटरेचर'चा पेपर असतो. हॉथॉर्न, व्हिटमन, हेमिंग्वे, आर्थर मिलर उरकेपर्यंत सेमिस्टर संपत येतं आणि शेवटच्या युनिटमध्ये टोनी मॉरिसन नाहीतर अॅलिस वॉकर घाईघाईत उरकली जाते. पुष्कळांना मात्र नेमकं तेच युनिट धरून ठेवतं. आफ्रिकन-अमेरिकन, नेटिव्ह (तिथल्या मूळ जमातींचं), चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांचं), एशियन-अमेरिकन, म्हणजे तिकडे ज्याला 'एथनिक' म्हणतात ते साहित्य नीट शिकावं, जमलं तर तिकडे जाऊन शिकावं, असं मनात येतं. हा लेख अशांसाठी आहे. मी महाराष्ट्रातून एमए करून मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात याच विषयात पीएचडी केली. कन्सल्टन्सीवाले या विषयाबद्दल फारसं सांगू शकत नाहीत, त्यांचा सगळा जीव एमएस आणि एमबीएमध्ये असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१. हा विषय कोणत्या विभागात शिकवतात ते आधी बघा

'एथनिक लिटरेचर' नावाचा स्वतंत्र विभाग बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. त्याचं कारण या विषयाच्या जन्मात आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ब्लॅक स्टुडंट युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी संघटनांनी संप पुकारला. तो मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून तिथे कॉलेज ऑफ एथनिक स्टडीज उभं राहिलं. बर्कलीतही १९६९ मध्ये असाच संप होऊन एथनिक स्टडीजचा विभाग आला. आमचा इतिहास, आमचं लेखन अभ्यासक्रमात का नाही, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न होता. इंग्रजी विभागांनी ही पुस्तकं हळूहळू आपल्या यादीत घेतली. १९७३ मध्ये मेलस ही बहुवांशिक अमेरिकन साहित्याच्या अभ्यासकांची संघटना निघाली, तीही मुख्यतः इंग्रजीच्या प्राध्यापकांची.

त्यामुळे आज तीन-चार दारं आहेत. इंग्रजी विभागात भर साहित्यकृतीच्या वाचनावर असतो आणि तुम्हाला फर्स्ट इयरच्या मुलांना लेखन शिकवावं लागतं. एथनिक स्टडीज किंवा आफ्रिकन-अमेरिकन स्टडीजमध्ये साहित्याबरोबर इतिहास, कायदा, समाजशास्त्रही येतं. अमेरिकन स्टडीज या दोन्हींच्या मधे कुठेतरी. 'वर्ल्ड लिटरेचर' हे बहुधा कंपॅरेटिव्ह लिटरेचरच्या छत्राखाली असतं आणि तिथे इंग्रजीखेरीज दोन भाषा मूळातून वाचता याव्यात अशी अपेक्षा असते. मराठी आणि हिंदी येणाऱ्याने तिथे बिचकायचं कारण नाही, उलट आपली बाजू भक्कम असते.

सापळा: विभागाच्या वेबसाइटवर एखादं मोठं नाव दिसतं आणि आपण त्याच आशेवर अर्ज करतो. नावापुढे 'एमेरिटस' लिहिलंय का बघा. म्हणजे ते निवृत्त आहेत, तुम्हाला मार्गदर्शन करणार नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे कोणते ग्रॅज्युएट सेमिनार झाले त्याची यादी शोधा. त्या यादीवरून विभागाची खरी प्रकृती कळते. तुमच्या क्षेत्रातले किमान दोन प्राध्यापक असतील तिथेच अर्ज करा. एकच असेल आणि ते दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर तुम्ही वाऱ्यावर.

२. निघण्यापूर्वी इतिहास पक्का करा, कादंबऱ्या नंतर

हा सल्ला साहित्याच्या माणसाला उलटा वाटेल. पण अमेरिकन विद्यार्थ्याला जो इतिहास शाळेतून थोडाफार माहीत असतो तो आपल्याला नसतो आणि या पुस्तकांचा अर्थ त्या इतिहासावरच उभा आहे.

एक उदाहरण देतो. जॉन ओकाडा यांची 'नो-नो बॉय' ही कादंबरी १९५७ ची. पर्ल हार्बरनंतर १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. १९४३ मध्ये छावणीतल्या लोकांकडून निष्ठेची प्रश्नावली भरून घेतली गेली. त्यातला २७ वा प्रश्न सैन्यात लढाल का असा, आणि २८ वा प्रश्न जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडून अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का असा. दोन्हींना 'नाही' म्हणणारे ते नो-नो बॉय. हे माहीत नसेल तर कादंबरीचं शीर्षकसुद्धा कळत नाही. या पुस्तकाची पुढची कहाणीही बोलकी आहे. ते निघालं तेव्हा कोणी फारसं वाचलं नाही. सत्तरच्या दशकात तरुण एशियन-अमेरिकन लेखकांनी ते शोधून पुन्हा छापलं, तोवर ओकाडा वारले होते. कृष्णवर्णीय कादंबरीकार झोरा नील हर्स्टनचंही तेच. १९६० मध्ये तिचं निधन झालं, कबरीवर नाव नव्हतं. १९७३ मध्ये अॅलिस वॉकरने फ्लोरिडात जाऊन ती कबर शोधली आणि तिथे दगड बसवला. विसरलेलं पुस्तक शोधणं, ते पुन्हा छापणं, वर्गात आणणं हा या विषयाचा अर्धा इतिहास आहे. तुमच्या वाचनयादीतलं पुस्तक त्या यादीत कसं आलं, हे प्रत्येक वेळी विचारा. प्राध्यापकांना हा प्रश्न आवडतो.

किमान एवढं माहीत हवं: १८३० चा इंडियन रिमूव्हल अॅक्ट, १८४८ चा ग्वादालूपे इदाल्गोचा तह (मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला तो), १८८२ ची चिनी मजुरांवरची बंदी, १८९६ आणि १९५४ चे सर्वोच्च न्यायालयाचे वांशिक विभक्ततेवरचे निकाल आणि १९६५ चा इमिग्रेशन कायदा. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे गेले ते या शेवटच्या कायद्यानंतर.

मग पुस्तकं. प्रत्येक परंपरेतलं एकेक तरी पूर्ण वाचून जा. फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन, मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७), लेस्ली मार्मन सिल्कोची 'सेरेमनी' (१९७७), मॅक्सिन हाँग किंग्स्टनचं 'द वुमन वॉरियर' (१९७६), ग्लोरिया अँझाल्दुआचं 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा' (१९८७). शेवटच्या पुस्तकात मधेमधे स्पॅनिश येतं आणि त्याचं भाषांतर दिलेलं नसतं. ते मुद्दाम आहे, अडखळायचंच आहे.

३. कागदपत्रं

पीएचडीच्या अर्जाच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, प्रवेश पुढच्या ऑगस्टचा. म्हणजे जून-जुलैत कामाला लागायचं.

- बीए आणि एमएच्या सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, शिवाय विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्सक्रिप्ट. यात वेळ जातो, हे सगळ्यात आधी करा.
- पदवी प्रमाणपत्र. कॉन्व्होकेशन झालं नसेल तर प्रोव्हिजनल.
- तीन शिफारसपत्रं, प्राध्यापक ती थेट ऑनलाइन अपलोड करतात.
- स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी.
- रायटिंग सॅम्पल, साधारण १५ ते २५ पानं.
- टोफेल किंवा आयईएलटीएस. इंग्रजी माध्यमातून पदवी असेल तर काही ठिकाणी सूट मिळते, ईमेल करून विचारा.
- सीव्ही आणि पासपोर्ट.

जीआरईची साहित्याची सब्जेक्ट टेस्ट २०२१ पासून बंदच झाली आहे, तिची जुनी पुस्तकं विकत घेऊ नका. साधी जीआरईसुद्धा बऱ्याच इंग्रजी विभागांनी काढून टाकली आहे. नुसती तीन वर्षांची बीए घेऊन अर्ज केला तर काही विद्यापीठं अडवतात, एमए झालं असेल तर प्रश्न येत नाही.

शिफारसपत्राबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे 'तूच लिहून आण, मी सही करतो' अशी पद्धत आहे. तसं पत्र लगेच ओळखू येतं, कारण तिन्ही पत्रांची भाषा एक असते. त्यापेक्षा सरांना किंवा मॅडमना तुमचा एखादा जुना निबंध, एसओपीचा मसुदा आणि अर्ध्या पानाचे मुद्दे नेऊन द्या. 'विद्यार्थी सुशील व आज्ञाधारक आहे' या वाक्याचा तिकडे काही उपयोग नाही. कोणत्या पेपरात काय वेगळं मांडलं, ते यायला हवं.

४. एसओपी आणि रायटिंग सॅम्पल: खरी लढाई इथे आहे

मराठी अर्जदाराच्या एसओपीत एक विषय हमखास असतो: दलित साहित्य आणि ब्लॅक साहित्याची तुलना. का नसावा? धागे खरेच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. पण 'दोन्हीकडे शोषण आहे, दोन्हीकडे विद्रोह आहे' एवढंच लिहिलं तर समितीच्या हाती काही लागत नाही. हे त्यांनी बऱ्याच वेळा वाचलेलं असतं. शिवाय असं सरसकट लिहिताना वंश आणि जात यांतला फरक पुसला जातो आणि दोन्ही साहित्यांवर अन्याय होतो.

तुलना एखाद्या ठोस वस्तूपासून सुरू करा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज जाणार होता त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. डू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहे आणि स्कॅन करून सगळ्यांसाठी खुला आहे, आज रात्री घरी बसून वाचू शकता. अशा एका कागदातून प्रश्न निघतो. कोणतं लेखन कोणाच्या हातून, कोणत्या नियतकालिकातून, कोणत्या भाषेतून इकडून तिकडे गेलं? सत्तरच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांत अमेरिकन कविता कशी पोचली? हे प्रश्न तुम्ही विचारू शकता, कारण ती मासिकं तुम्ही मूळ मराठीत वाचू शकता. अमेरिकन अर्जदाराला ते शक्य नाही. एसओपीत हेच ठसवा.

एसओपीतून 'लहानपणापासून मला वाचनाची आवड' हे वाक्य काढून टाका. दोन पानांत चार गोष्टी पुरेत: प्रश्न काय, आजवर त्यावर काय केलं, याच विभागात का, कोणाबरोबर.

रायटिंग सॅम्पल म्हणून एमएचा प्रबंध जसाच्या तसा पाठवू नका. आपल्या प्रबंधात लेखकाचं चरित्र, मग कथानकाचा सारांश, मग समीक्षकांची अवतरणं आणि शेवटी निष्कर्ष. तिकडे बघतात ते क्लोज रीडिंग, म्हणजे मजकुराला भिंग लावून वाचणं. 'बिलव्हेड'ची सुरुवात घराच्या नंबराने होते, १२४. नायिका सेथची मुलं चार, त्यातलं तिसरं मेलेलं. आकड्यात १ आहे, २ आहे, ४ आहे, ३ नाही. ही एवढीशी गोष्ट पकडून घर, मोजणी, गुलामांची यादी आणि गहाळ झालेली मुलगी यांच्यावर पाच पानं लिहिता आली पाहिजेत. हे निरीक्षण आता जुनं झालंय, तुमचं तुम्ही शोधा. मला या लेखात फक्त आकार दाखवायचा आहे.

५. पैसे

पीएचडीत बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ असते, वर स्टायपेंड आणि आरोग्यविमा मिळतो, बदल्यात तुम्ही टीचिंग असिस्टंट (टीए) म्हणून शिकवता. एमएला असं क्वचित मिळतं. साहित्यात एमए करायला पन्नास-साठ लाखांचं कर्ज काढू नका, एवढं स्पष्ट सांगतो. आपल्याकडचं एमए झालं असेल तर थेट पीएचडीला अर्ज करा.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाची क्रमवारी, उत्पन्न आणि वयाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, दुसऱ्याच्या व्हॉट्सॅपवरून नको. पीएचडी भारतातच करत असाल तर फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल रिसर्च फेलोशिप असते, काही महिने तिकडच्या विद्यापीठात राहून काम करता येतं.

ऑफर लेटर आलं की तीन गोष्टी शोधा. फी माफीत 'स्टुडंट फीज' धरल्यात का, कारण त्या वेगळ्या लावतात. उन्हाळ्याचे तीन महिने पैसे मिळतात का. आणि किती वर्षांची हमी लेखी दिली आहे. अनेक सरकारी विद्यापीठांत परदेशी टीएला शिकवण्याआधी बोलण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते, तिचाही उल्लेख त्यातच असतो. उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी 'लगेच सांगा' असा दबाव आला तर शांतपणे ही तारीख दाखवा.

अलीकडे काही विद्यापीठांनी मानव्यशाखेतले पीएचडी प्रवेश कमी केले आहेत किंवा वर्षभरासाठी थांबवले आहेत. अर्जाची फी भरण्यापूर्वी विभागाच्या पानावर त्या वर्षीची सूचना वाचा.

६. वर्गात पहिलं सेमिस्टर

सेमिनार आठवड्यातून एकदा, अडीच-तीन तासांचा. गोल टेबल, दहा-पंधरा जण. दर आठवड्याला एक अख्खं पुस्तक आणि वर दोन-तीन लेख. असे तीन कोर्स. सगळं ओळन् ओळ वाचून होत नाही, कोणाचंच होत नाही. कादंबरी पूर्ण वाचा. समीक्षालेखाची प्रस्तावना, त्याचा मुख्य दावा आणि तो कोणाशी भांडतोय एवढं काढा. वर्गाआधी दोन पानांवर खूण करून ठेवा आणि पहिल्या अर्ध्या तासात एकदा तरी बोला. आपण आदराने गप्प बसतो, तिकडे त्याचा अर्थ 'वाचून आलेला नाही' असा होतो. प्राध्यापकांना ते स्वतः नाव घ्यायला सांगेपर्यंत 'प्रोफेसर' आणि आडनाव. 'सर' म्हटलं तर कोणी रागावत नाही, जरा अवघडतात एवढंच.

शब्दांबाबत सावध राहा. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो साहित्य' आणि 'रेड इंडियन' हे शब्द सर्रास आहेत. वर्गात ते चालत नाहीत, ऐतिहासिक मजकुराचं नाव असेल तरच. जुन्या कादंबऱ्यांत कृष्णवर्णीयांसाठी जी शिवी येते ती उतारा वाचून दाखवतानाही मोठ्याने उच्चारू नका, तिथे थांबून पुढे जा. नेटिव्ह लेखकाबद्दल बोलताना जमातीचं नाव घ्या: मोमाडे कायोवा, सिल्को लगुना प्वेब्लो, लुईस अर्ड्रिक ओजिब्वे. सरकारमान्य जमाती साडेपाचशेहून अधिक आहेत आणि प्रत्येकीची भाषा, कथा, तह वेगळे. मोमाडेंच्या 'हाउस मेड ऑफ डॉन'ला १९६९ मध्ये पुलित्झर मिळालं, तेव्हापासून या साहित्याचा नवा काळ मोजतात. पण त्यांना सगळ्या नेटिव्ह लोकांचे प्रतिनिधी करून टाकलं की वर्गातली निम्मी चर्चा तिथेच चुकते.

आणखी एक. तुम्ही भारतीय आहात म्हणून आपोआप 'एशियन-अमेरिकन' होत नाही. झुंपा लाहिरींच्या कथांतली अमेरिकेत स्थायिक झालेली बंगाली पात्रं आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेले तुम्ही, या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. कोणी वर्गात 'भारतात याबद्दल काय वाटतं?' असं विचारलं तर मी एवढंच म्हणायचो की मला महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांचं सांगता येईल.

७. ग्रंथालय

फी माफीपेक्षाही मोठी श्रीमंती हीच. इंटरलायब्ररी लोनवर दुसऱ्या राज्यातलं पुस्तक आठवड्याभरात फुकट येतं. एमएलए बिब्लिओग्राफी, जेस्टोर, प्रोजेक्ट म्यूज या लेखांच्या ऑनलाइन संग्रहांत शोधायला विषयतज्ज्ञ ग्रंथपाल बसून शिकवतात, फक्त वेळ मागा. पहिल्याच आठवड्यात झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या, संदर्भ हाताने लिहीत बसू नका. संदर्भ कसे द्यायचे त्याच्या नियमांसाठी एमएलए हँडबुकची नववी आवृत्ती (२०२१) सध्या चालते.

मूळ कागद बघायची सवय लावा. मॉरिसन यांचे कागद प्रिन्स्टनला आहेत, अँझाल्दुआचे ऑस्टिनच्या बेन्सन संग्रहात, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीचा संग्रह असलेलं शॉम्बर्ग सेंटर आहे. तिथे पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल घेऊन जा. फोटो काढायला परवानगी लागते, भेटीची वेळ आधी घ्यावी लागते.

आणि एक विषयांतर: मराठी पुस्तकं हवी असतील तर तीही तिथे सापडतात. १९६२ पासून पीएल-४८० या (भारताला धान्य देण्याच्या) अमेरिकन योजनेखाली अमेरिकेच्या ग्रंथालयांनी भारतात छापलेली पुस्तकं खरेदी केली. आपल्याकडे रद्दीत गेलेलं एखादं पुस्तक शिकागोच्या कपाटात नीट बांधलेलं उभं असतं.

८. पेपर, परिषदा, परीक्षा

सेमिस्टरअखेर २० पानांचा सेमिनार पेपर. विषय सहाव्या-सातव्या आठवड्यात ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन ठरवा. अवतरणचिन्हाशिवाय एक ओळ उचलली तरी प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं, 'आमच्याकडे चालतं' हे तिथे चालत नाही.

परिषदेसाठी अमेरिकन कंपॅरेटिव्ह लिटरेचर असोसिएशनची, म्हणजे एसीएलएची, रचना नवख्याला सोयीची. एकच छोटा गट दोन-तीन दिवस भेटतो, त्यामुळे लोक खरंच तुमचं ऐकतात. मेलसची वार्षिक परिषदही आहे. भारतातच असाल तर मेलस-इंडिया आणि मेलो या इथल्या अभ्यासकांच्या संघटनांच्या परिषदांपासून सुरुवात करा. खर्चासाठी विभागाकडे ट्रॅव्हल ग्रँट असते, पण अर्ज परिषदेच्या आधी करायचा.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे प्रबंधाआधीची आपल्या क्षेत्राच्या वाचनावरची, परीक्षा येते. वाचनयादी तुम्ही आणि समिती मिळून करता. भाषेची अट मराठीने पूर्ण होईल का, हे ग्रॅज्युएट डायरेक्टरला पहिल्याच वर्षी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, कारण डायरेक्टर बदलतात. चिकानो साहित्य करणार असाल तर मराठीने भागणार नाही, स्पॅनिश शिकावंच लागेल. उन्हाळ्याचे वर्ग त्यासाठी उत्तम.

नोकरीचं एवढंच: २००८ नंतर साहित्यातल्या कायम प्राध्यापकपदांच्या जाहिराती खूप घटल्या आहेत. गेल्या पाच-सात वर्षांत पीएचडी झालेले विद्यार्थी आज कुठे आहेत, ती यादी विभागाकडे असते. ऑफरला हो म्हणण्याआधी ती मागा. तिथे सध्या शिकणाऱ्या दोघांशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि त्यांना घरभाडं, उन्हाळा आणि गाइडचा स्वभाव हे तीन प्रश्न विचारा.